आगीच्या सरावात गेलेला मीटर

"मी चोर नाही, आणि वेंधळीही नाही," दारातूनच ती मुलगी म्हणाली. "पण उद्या दुपारपर्यंत हे कुणी सिद्ध केलं नाही, तर मी दोन्ही ठरणार आहे."

ताईंनी चष्मा कपाळावर सरकवला. भाऊजींनी हातातलं बिस्किट बशीत परत ठेवलं. यावरूनच प्रसंग किती गंभीर होता ते समजावं, कारण भाऊजी एकदा उचललेलं बिस्किट सहसा परत ठेवत नाहीत.

ताई खासगी शोधाची कामं घेत. ऑफिस बंदराच्या रस्त्यावर, दोरखंडाच्या दुकानाच्या माडीवर. भाऊजी म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर ते दिवसभर घरात पायात पायात येऊ लागले, तेव्हा बहिणीने त्यांना ताईंच्या हवाली केलं. माणूस सोन्यासारखा, डोकं जरा सावकाश चालतं, एवढंच.

मुलीच्या अंगात ढगळ केशरी डगला होता आणि काखेत हेल्मेट. धक्क्याला लागलेल्या मालवाहू जहाजावरची ती तिसरी ऑफिसर. खलाशी तिला थर्ड मॅडम म्हणत. जहाजावरची सुरक्षेची सगळी साधनं तिच्या ताब्यात.

"काय गेलं?" ताईंनी विचारलं.

"गॅसमीटर. बंद टाकीत माणूस उतरवायच्या आधी आतली हवा तपासायचं यंत्र. खिशात मावेल एवढंच असतं."

"टाकीतल्या हवेला काय धाड भरलीय?" भाऊजी म्हणाले.

"लोखंड गंजतं ना, काका. गंज आतला ऑक्सिजन खाऊन टाकतो. हवेला वास नाही, रंग नाही. माणूस उतरतो, दोन श्वास घेतो आणि पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. म्हणून नियम आहे, मीटरने तपासल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. आज सकाळी आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, एका टाकीत उतरणार होता. मीटर नाही म्हणून काम थांबलं. कप्तान आगपाखड करतायत. कंपनीने फर्मान काढलंय, उद्या दुपारी मला बोटीवरून उतरवून घरी पाठवायचं आणि लायसनच्या खात्याकडे तक्रार करायची. माझ्या हातून मीटर पाण्यात पडला आणि मी चोरीचं नाटक करतेय, असं त्यांचं म्हणणं."

"मीटर कुठे ठेवता?"

"शिप्स ऑफिसच्या कपाटात. किल्ली एकच, ती माझ्या गळ्यात. पण आगीच्या सरावाची घंटा झाली की सुरक्षेचं प्रत्येक कपाट उघडून ठेवायचं, असा आमच्या बोटीचा नियम आहे. खरी आग लागली तर किल्ल्या शोधत कोण बसणार? काल घंटा झाली, मी कपाट उघडलं, मीटर जागेवर पाहिला आणि हजेरी घ्यायला डेकवर पळाले. सराव संपल्यावर कुलूप लावायला आले, तर मीटर गायब."

"सोपं आहे!" भाऊजी खुशीत आले. "हजेरीला जो नव्हता, तोच चोर!"

"सगळे होते."

"अरेच्चा."

"बाहेरून कुणी?" ताईंनी विचारलं.

"शिडीवर पहारा होता. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. चोरी कळल्यापासून तर कुणाला उतरूच देत नाहीत. मलाच कशीबशी परवानगी मिळाली."

"हजेरीनंतर कोण कुठे होतं?"

"कप्तान आणि चीफ ऑफिसर वर ब्रिजवर, बोट चालवायच्या खोलीत. बाकी सगळे पाण्याचे पाइप धरून माझ्या डोळ्यांसमोर. फक्त आगवाली जोडी खाली स्टोअररूममध्ये होती, म्हणजे सेकंड इंजिनियर आणि सारंग. तोंडाला मास्क, पाठीवर हवेची बाटली. सारंग दाराशी दोर धरून राहतो, सेकंड दोर कमरेला लावून धुरात शिरतात आणि आतला भुश्याचा बाहुला शोधून बाहेर आणतात. धूर यंत्राचा असतो, पण स्वतःचा हात दिसत नाही."

"मीटर चालू स्थितीत होता?"

"रोज सकाळी मोकळ्या हवेत लावून बघते. आकडा बरोबर यायचा. खरी तपासणी करायला खास गॅसची बाटली लागते. ती संपलीय. कंपनीकडे तीनदा मागितली, अजून येतेच आहे."

"आणि मीटर गेल्याचं कळल्यावर काय केलंत?"

"बोट पालथी घातली. प्रत्येकाने आपापला भाग शोधला, डेकवाल्यांनी डेक, इंजिनवाल्यांनी खालचा भाग. मग रडले थोडी. मग सरावातल्या हवेच्या बाटल्या भरायला घेतल्या. त्यातली एकच भरावी लागली, दुसरी जवळजवळ भरलेलीच होती. तेवढं एक काम वाचलं."

ताईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "चला भाऊजी."

"बोटीवर? मला बोट लागते हो!"

"धक्क्याला बांधलेली आहे."

"बांधलेलीही लागते," भाऊजी म्हणाले आणि बिस्किटं खिशात घालून निघाले.

कप्तान बोलायचे म्हणजे ओरडायचेच. त्यांच्या केबिनमधल्या काचा बिचाऱ्या कशा टिकल्या होत्या देव जाणे.

"शोध कसला घेताय, बाई? मुलीने मीटर पाण्यात घालवला, संपलं! माझ्या बोटीवर चुकीला माफी नाही. मागच्या सेकंडने पंप जाळला, पुढच्याच बंदरात उतरवला त्याला! शिस्त म्हणजे शिस्त!"

"आत्ताचे सेकंड कसे आहेत?"

"उत्तम! एक चूक नाही त्याची!"

"तुमच्या कानावर आलेली एक नाही," ताई म्हणाल्या. कप्तानांना यात काही वेगळं वाटलं नाही. भाऊजींनाही नाही.

चीफ ऑफिसर ब्रिजवर भेटले. सतत घड्याळ बघणारा, घाईतला माणूस.

"टाकीचं काम आज व्हायला हवं होतं," ते म्हणाले. "आता माल भरणं लांबणार. पूर्वी आम्ही झाकण उघडायचो आणि उतरायचो. आता आधी मीटर, मग फॉर्म, मग सही. नसती कटकट!"

"सरावभर तुम्ही इथेच होतात?"

"हो. म्हणजे मध्ये एकदा पाणी प्यायला खाली गेलो होतो. लगेच आलो."

पाण्याचा नळ शिप्स ऑफिसच्या शेजारी होता. भाऊजींनी ताईंना कोपराने एवढ्या जोरात ढोसलं, की त्यांचा चष्मा नाकावर आला.

सेकंड इंजिनियर खाली इंजिनरूममध्ये होते. छातीवर रुळणारी झुबकेदार दाढी आणि मवाळ डोळे. त्यांनी पाहुण्यांना चहा पाजला, भाऊजींना बसायला उलटी बादली दिली आणि वर फडकंही अंथरलं.

"मी काय सांगणार?" ते हसले. "मी धुरात आंधळी कोशिंबीर खेळत होतो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चाचपडत फिरलो, प्रत्येक कोपरा पाहिला. शेवटी बाहुला सापडला, तो घेऊन आलो."

"दमला असाल."

"छे, सवय आहे." त्यांनी चहाची किटली उचलली. "मी काय म्हणतो, तुम्हाला मीटर सापडलाच, तर लगेच टाकीत नाही ना कुणी उतरणार? म्हणजे... सारंग वगैरे?"

"का हो?"

"नाही, सहजच विचारलं. चहा आणखी घ्या ना."

सारंगाच्या हातभर मिश्या, आवाज गोड. स्टोअररूमच्या दाराशीच त्याने ताईंना गाठलं.

"थर्ड मॅडमवर आळ घेतायत, हे काही खरं नाही, ताई. लाखात एक पोरगी आहे. माझ्या धाकट्या बहिणीसारखी."

"सरावात दोर तुमच्याच हातात होता ना? कसा होता?"

"ताठ होता. कपडे वाळत घालायची दोरी असते ना, तस्सा. मला काही करावंच लागलं नाही."

"त्यांनी ढील मागितली का?"

"एकदाही नाही. शहाणा माणूस, त्रास देत नाही. आणि काल शिट्टीसुद्धा वाजली नाही."

"कसली शिट्टी?" भाऊजींनी विचारलं.

"बाटलीतली हवा संपत आली की वाजते. आमच्या सेकंडसाहेबांची दाढी पाहिलीत ना? मास्क गालाला बसतच नाही, कडेने हवा फुसफुस निघून जाते. दर सरावात माझ्या आधी त्यांची शिट्टी ठरलेली. काल मास्क चांगला आवळला असणार."

स्टोअररूम लहान होती. रंगाचे डबे, दोरांची वेटोळी, भिंतीला हिरवे पाइप. मागच्या कोपऱ्यात छताला एक गोल भोक आणि त्यातून वर जाणारी लोखंडी शिडी.

"आग दाराशी लागली तर पळायची वाट," थर्ड मॅडमने सांगितलं. "वर शिप्स ऑफिसपाशी निघते."

"भाऊजी, जरा शिरून बघा."

भाऊजी पाठीवरची पिशवी सावरत भोकात शिरले आणि तिथेच अडकले. पाय हवेत, आवाज आत. सारंग आणि थर्ड मॅडमने एकेक पाय धरून ओढलं तेव्हा बुचासारखे बाहेर आले.

"माझं पोट नाही हं," ते धापा टाकत म्हणाले. "पाठीवरची पिशवी अडकली!"

"माहीत आहे," ताई म्हणाल्या. एवढ्या खूश त्या दिवसभरात पहिल्यांदाच दिसल्या.

जेवणाच्या खोलीवरून जाताना त्या भिंतीपाशी थांबल्या. आठवड्याच्या जेवणाचा तक्ता टांगलेला होता. त्यांनी तो बाजूला केला, तर मागे एक पिवळा कागद निघाला. त्यावर एका माणसाचा फोन नंबर.

"हा कोण?"

"कंपनीने किनाऱ्यावर नेमलेला माणूस," थर्ड मॅडम म्हणाली. "प्रत्येक कंपनीला नेमावाच लागतो. बोटीवर काही धोक्याचं दिसलं, काही चुकलं, तर कुणीही त्याला थेट फोन करायचा. कप्तानांना विचारायची गरज नाही. शिक्षा होत नाही."

"किती जणांनी केला?"

"कुणीच नाही."

"सगळ्यांना इथेच बोलवा," ताई म्हणाल्या.

जेवणाच्या खोलीत सगळे जमले. कप्तान टेबलाच्या टोकाला, शेजारी घड्याळ बघणारे चीफ. सेकंड दाराजवळ दाढीत बोटं घालून बसलेले. सारंग उभाच राहिला. थर्ड मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी सुरुवात करतो!" भाऊजी उठले. "पाणी प्यायला कोण गेलं? मीटरला कटकट कोण म्हणतं? चीफसाहेब, कबूल करा!"

"मी?" चीफ उडालेच. "अहो, मीटर नाही म्हणून माझंच काम अडलंय!"

भाऊजींनी यावर विचार केला आणि ते खाली बसले.

"भाऊजी, अर्धं बरोबर होतं तुमचं," ताई म्हणाल्या. "म्हणजे उभं राहण्यापर्यंत. आता ऐका. कपाट फक्त सरावातच उघडं असतं, म्हणून चोरी सरावातच झाली. डेकवरचे सगळे एकमेकांच्या नजरेसमोर होते. चीफ पाणी प्यायला गेले खरे, पण टाकीचं काम आजच व्हावं म्हणून जीव टाकणारा माणूस मीटर कशाला पळवेल? मग नजरेआड कोण राहिलं? धुरात शिरलेला माणूस."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

"पण दोर होता की!" सारंग म्हणाला. "माझ्या हातात!"

"दोर होता, त्याला माणूस नव्हता. सेकंड म्हणतात, मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरलो. फिरणाऱ्या माणसाचा दोर कधी सैल पडतो, कधी ओढला जातो. तुमचा मात्र सरावभर ताठ. कारण दुसरं टोक पाइपाला बांधलेलं होतं."

"अरे देवा," सारंग पुटपुटला.

"दुसरी गोष्ट. सेकंडच्या मास्कमधून हवा गळते, त्यांची बाटली सगळ्यांच्या आधी संपते. काल शिट्टीच वाजली नाही. आणि थर्ड मॅडमना एकच बाटली भरावी लागली, दुसरी भरलेलीच होती. दाराशी उभ्या सारंगाने हवा वापरली, आत राबणाऱ्याने नाही. असं कसं? तर त्यांनी बाटली पाठीवरून उतरवून ठेवली होती. का उतरवली? त्या गोल भोकातून पाठीवर ओझं घेऊन जाताच येत नाही. भाऊजींनी त्याचा पुरावा स्वतःच्या अंगाने दिलाय."

भाऊजींनी मान लववली.

"श्वास रोखून शिडीने वर, कपाट उघडं, मीटर खिशात, परत खाली. मास्क लावला, आधीच शोधून ठेवलेला बाहुला उचलला आणि बाहेर."

"खोटं!" कप्तान गरजले. "इंजिनचा सगळा भाग शोधलाय!"

"कुणी शोधला? इंजिनवाल्यांनी. शिडीचं भोक खालच्याच भागात, म्हणजे ते शोधणारे सेकंडच. सारंग, तुम्ही सडपातळ आहात. त्या शिडीच्या वरच्या टोकाला, पायऱ्यांच्या मागे बघून या. वस्तू नुसती ठेवलेली नसेल. बोटीवरचा माणूस चोरीचा मालसुद्धा बांधल्याशिवाय ठेवणार नाही."

सारंग गेला आणि आला. त्याच्या तळहातावर पिवळा मीटर होता आणि मीटरला सुबक दुहेरी गाठीची दोरी.

"उतरवा याला!" कप्तानांची मूठ टेबलावर आदळली.

"थांबा. का नेला, ते राहिलंच," ताई म्हणाल्या. "विकायला नव्हता, बोटीवर घेणार कोण? मला सेकंडने एकच प्रश्न विचारला होता, मीटर सापडला तर सारंग लगेच टाकीत उतरणार नाही ना? थर्ड मॅडम, मीटर चालू करा. श्वास कोंडून ठेवा आणि मग त्यावर सोडा."

तिने तसं केलं. सोडलेल्या श्वासात ऑक्सिजन कमी असतो. आकडा खाली यायला हवा, यंत्राने ओरडायला हवं. आकडा तसूभर हलला नाही. तिने पुन्हा करून पाहिलं. तोच आकडा.

"हा मेलाय," ती कुजबुजली. "आणि मी रोज सकाळी याच्यावर विश्वास ठेवत होते."

सेकंड उठून उभे राहिले.

"गेल्या आठवड्यात एक कोपरा तपासायला मी थर्ड मॅडमकडून मीटर मागून नेला होता. हातातून निसटून तेलकट पाण्यात पडला. पुसला, वाळवला. आकडा दाखवायला लागला, म्हणून परत दिला. नंतर मनात पाल चुकचुकली. उसना मागून पुन्हा बघावा तर लोक विचारतील. मग परवा कळलं, सारंगाला टाकीत उतरवणार. माझी झोपच उडाली. वाटलं, मीटरच नसेल तर नियमाने कुणी उतरणार नाही. नवा आणून गुपचूप ठेवीन. पण बोटीवरून कुणाला उतरूच देईनात."

"आणि मी?" थर्ड मॅडम ताडकन उठली. "माझी नोकरी चालली होती! तुम्ही बघत बसलात, चहा पाजत बसलात!"

"आज सांगणारच होतो."

"सगळे सांगणारच असतात!" तिचे डोळे भरून आले. "एक शब्द, सेकंडसाहेब. माझ्यापाशी एक शब्द बोलायचा होतात!"

सेकंडनी तिच्यापुढे हात जोडले. लाजेने मान वर होईना.

"बोलले का नाहीत, ते कप्तानसाहेबांना ठाऊक आहे," ताई शांतपणे म्हणाल्या. "मागच्या सेकंडला पंपापायी घरी पाठवलंत. त्या दिवसापासून या बोटीवर चुका बंद झाल्या नाहीत, चुका सांगणं बंद झालं. फोन नंबर भिंतीवर आहे, जेवणाच्या तक्त्याच्या मागे. आंतरराष्ट्रीय नियम आहेत, तेही भिंतीवरच आहेत. यांनी गुन्हा केलाय, या पोरीवर आळ येऊ दिला, त्याची भरपाई करायलाच हवी. पण माणसाला चूक सांगण्यापेक्षा चोरी सोपी वाटली, हे कसं झालं, तेवढं बघा."

कप्तानांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ही घटना बोटीवर पहिल्यांदाच घडत होती, असं नंतर सारंगाने भाऊजींना सांगितलं.

त्याच संध्याकाळी सेकंडनी पिवळ्या कागदावरच्या नंबरला स्वतः फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यांच्यामागून कप्तान फोनवर आले. थर्ड मॅडमला उतरवायचं फर्मान रद्द झालं. खास गॅसच्या बाटलीची मागणी तीन वेळा कुणाच्या टेबलावर पडून राहिली, याची चौकशी कंपनीत सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आणि भाऊजी निरोप घ्यायला गेले, तेव्हा सगळे डेकवर टाकीच्या झाकणाभोवती उभे होते. शेजारच्या जहाजावरून मीटर उसना आणला होता.

"चला, उशीर होतोय," चीफ घड्याळ बघत म्हणाले. "झाकण कालपासून उघडंच आहे. हवा चांगलीच असणार."

"नियमाप्रमाणे," थर्ड मॅडम म्हणाली. आवाज लहान होता, पण हलणारा नव्हता.

तिने मीटरवर श्वास सोडला. यंत्राने खणखणीत बोंब ठोकली. सारंगाने टाळ्या वाजवल्या, भाऊजी दचकून मागे सरले, सगळे हसले.

मग तिने मीटर दोरीला लावून टाकीत सोडला. अजून कुणाच्या ओठांवर हसू होतं, तोच आतून तीच बोंब ऐकू आली. तिने आणखी खाली सोडला. बोंब थांबेना. तिने मीटर वर ओढला आणि नोंद झालेला आकडा चीफना दाखवला. चीफनी आकडा पाहिला आणि घड्याळाचा हात पाठीमागे नेला.

सारंग त्या काळ्या भोकाकडे बघत राहिला. याच भोकातून तो काल उतरणार होता, मेलेल्या मीटरवर भरवसा ठेवून. तो डेकवरच खाली बसला. मग मान वर करून सेकंडकडे बघितलं.

"साहेब, चोरी केलीत ते बरंच केलंत," तो म्हणाला. "पण सांगितलं असतंत, तर माझ्या या बहिणीला रडावं लागलं नसतं."

सेकंडनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"टाकी बंद," थर्ड मॅडम म्हणाली. "पंख्याने हवा भरायची, पुन्हा तपासायची. मी सांगेपर्यंत कुणीही उतरणार नाही."

सगळ्यांनी कप्तानांकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"ती म्हणते तसंच," ते म्हणाले आणि सेकंडकडे वळले. "तू मला आधी सांगितलं असतंस, तर मी तुला उतरवलं असतं."

"माहीत होतं, साहेब."

"म्हणूनच विचारतोय. पुढच्या वेळी तू मला सांगावंस, यासाठी मी काय करू?"

"ओरडू नका, साहेब. एवढंच."

"बरं," कप्तान म्हणाले, तेही इतक्या हळू, की शेजारी उभ्या असलेल्या भाऊजींना विचारावं लागलं, "काय म्हणाले?"